चादरीवरचे चौदा

माझ्या वडिलांना माणसांपेक्षा पतंग जास्त ओळखता येतात, आणि हे मी कौतुकानं सांगत नाहीये. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या मोठ्या दिरांना भाड्यानं खुर्च्या देणारा माणूस समजून खुर्च्या मोजायला लावल्या होत्या. पण व्हरांड्यातल्या दिव्यापाशी नखाएवढा तपकिरी जीव येऊन बसला, की त्याच्या मिशा, बसण्याची ढब आणि यायची वेळ एवढ्यावरून बाबा त्याचं नाव-गाव-खानदान सांगणार. शेजाऱ्यांना त्याचं कोण अप्रूप! मला नाही. मी त्या चादरीसोबत एकाच घरात वाढले आहे.

चादर म्हणजे खरीखुरी चादर. पांढरी, एकेरी पलंगाची, व्हरांड्यातल्या दोरीवर चिमट्यांनी टांगलेली. तिच्यापुढे हातभर अंतरावर दिवा, दिव्याच्या बाजूला वेताची खुर्ची, खुर्चीत बाबा आणि बाबांच्या मांडीवर रजिस्टर. रोज साडेसात ते साडेनऊ, एकवीस वर्षं. आई होती तोवर ती चादरीला 'सवत' म्हणायची, आणि दर रविवारी त्या सवतीला स्वतःच्या हातानं धुवायची. धुताना तोंडाचा पट्टा चालू असायचा, ते वेगळं.

रजिस्टरात रकाने होते: तारीख, हवा, नाव, संख्या, शेरा. पतंगांची शास्त्रीय नावं बाबांना पाठ होती, पण ती आमच्या जिभेला पेलायची नाहीत, म्हणून त्यांनी प्रत्येकाला घरगुती नाव दिलेलं. राखाडी अंगाचा, पाठीवर दोन काळ्या रेघा असलेला, बरोब्बर आठच्या सुमाराला येऊन कडेला बसणारा, तो हेडक्लार्क. पांढरी, लोकरीसारख्या अंगाची, एकदा टेकली की सकाळपर्यंत न हलणारी, ती मोठी काकू. आणि जाडजूड, घोंघावत येणारा, आधी दिव्यावर, मग भिंतीवर, मग कुणाच्या तरी टाळक्यावर आदळून शेवटी ऐन मध्यभागी बैठक मारणारा, तो जावईबापू. हे नाव माझ्या लग्नानंतर पडलं. माझा नवरा ते अजून मनाला लावून घेतो.

नोकरीत बाबा वजनमापे तपासणारे निरीक्षक होते. खांद्याला कातडी पिशवी, पिशवीत पितळी वजनं. ते बाजारात शिरले की पहिल्या दुकानापासून शेवटच्या दुकानापर्यंत निरोप पोचायचा. पाव किलोमागे पाच ग्रॅम कमी निघाले तरी माफी नाही, मग समोरचा ओळखीचा असो की सख्खा मेहुणा. सख्खा मेहुणा म्हणजे माझा मामा. तो सहा वर्षं आमच्याकडे आला नाही.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. डॉक्टर नाही मी, पण बाबा मला चिडवायला डॉक्टरीणबाई म्हणतात. त्यांच्या घरापासून मी बसनं अर्ध्या तासावर राहते. दर महिन्याला जायचं, डबे भरायचे, औषधं बघायची, वाद घालायचा आणि परत यायचं, असं आमचं व्यवस्थित चाललं होतं.

तीन वर्षांपूर्वी एका संशोधन संस्थेतल्या बाईंनी लोकांना आवाहन केलं, की तुमच्या दाराशी येणाऱ्या पतंगांच्या नोंदी आम्हाला पाठवा. बाबांनी होती नव्हती ती सगळी रजिस्टरं झेरॉक्स करून पाठवली. नंतर दर महिन्याची पानंही जाऊ लागली. पत्ता माझ्या ईमेलचा दिलेला, कारण कॉम्प्युटरशी बाबांनी आजन्म कट्टी घेतली आहे. तर गेल्या महिन्यात त्या संशोधक बाईंचं पत्र आलं. मी ते बाबांना फोनवर वाचून दाखवलं.

चाळीस घरांच्या नोंदी त्यांनी मांडून बघितल्या होत्या. एकोणचाळीस घरांत पतंग निम्म्यानं घटले होते, काही ठिकाणी निम्म्याहून जास्त. फक्त बाबांच्या व्हरांड्यात एकही कमी झाला नव्हता. हे कसं काय, ते बघायला बाई स्वतः येणार होत्या. शनिवारी संध्याकाळी. चादरीपाशी बसणार होत्या.

"न यायला काय झालंय?" बाबा म्हणाले. "आपला दिवा वेळेवर लागतो. चादर स्वच्छ असते. बाकीच्यांनी चालढकल केली असणार."

आवाजात खुशी लपत नव्हती. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एकवीस वर्षं ज्याला आम्ही खूळ म्हणत आलो, त्याची कुणीतरी दखल घेतली होती. मग बाबांनी विचारलं, बाई किती वाजता येणार. मी सांगितलं. किती वेळ बसणार, तेही विचारलं. पाच मिनिटांनी परत फोन करून पुन्हा तेच विचारलं. मला वाटलं, पाहुणीला चहा द्यायचा की जेवायला थांबवायचं, याची काळजी असेल.

गुरुवारी दवाखाना सुटल्यावर मी मुक्कामाला गेले. पाहुणी येणार म्हटल्यावर घर आवरायला नको? बाबांच्या स्वयंपाकघरात एका डब्यात साखर आणि त्याच्या जुळ्या भावात मीठ असतं, आणि दोन्हींवर चिठ्ठी नसते. ओटा घासला, जाळी काढली, बाथरूममधला दिवा बदलला. साडेसात झाले तसे बाबा म्हणाले, "आज बस की माझ्याबरोबर." कित्येक वर्षांत मी बसले नव्हते. पाय दुखत होते, म्हणून स्टूल ओढलं आणि बसले.

दिवा लागला. चादर उजळली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. काही चिलटं आली, एक डास माझ्या पायावर बसला. मग एक फिकट तपकिरी, गव्हाच्या दाण्याएवढा पतंग आला आणि खालच्या कोपऱ्यात टेकला. बस्स.

"तो बघ," बाबा म्हणाले. "आला हेडक्लार्क. उजव्या कडेला."

मी उजव्या कडेला बघितलं. तिथे चिमटा होता.

"कुठे?"

"अगं, कडेला. त्याची जागाच ती. आठ वाजले ना?"

आठ वाजले होते. हेडक्लार्क नव्हता. मी उठून चादरीजवळ गेले, मागची बाजू बघितली, चिमट्याखाली बघितलं. तोवर बाबांनी रजिस्टरात लिहिलंसुद्धा. लिहिताना पानावर पुठ्ठ्याची एक पट्टी ठेवली होती, मधोमध आडवी खाच कापलेली. खाचेत पेन चालवायचं, म्हणजे ओळ वर-खाली जात नाही. पेनही जाड, काळं.

"हे काय?" मी विचारलं.

"रेघ सरळ येते."

असली पट्टी आमच्या दवाखान्यात काउंटरवर मिळते. कुणाला देतात ते मला माहीत आहे. रोज पंचवीस-तीस माणसं माझ्यासमोरच्या खुर्चीत बसतात आणि त्यातली निम्मी मला बनवायला बघतात. आधी बघून घ्यायचं, मग बोलायचं, एवढं मी नोकरीत शिकले आहे.

मी बघत राहिले. बाबा माझ्याशी बोलताना माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हते, डाव्या कानाकडे बघत होते. दोन वर्षं तरी हे चाललं होतं. आई गेल्यापासून ते माझ्यावर कशावरून तरी रुसलेत, असं मी धरून चालले होते आणि मीही मग बाहेर बघून बोलायचे. किती अक्कल पाजळावी माणसानं! मध्यभागाचं दिसेनासं झालं, की माणूस समोरच्याच्या कडेला बघून त्याला मध्ये आणायचा प्रयत्न करतो. हे मी लोकांच्या नातेवाइकांना रोज समजावून सांगते.

साडेनऊला बाबांनी बेरीज केली. "चौदा," ते म्हणाले. "बरे आले."

चादरीवर दोन होते. दुसरा पहिल्याचाच भाऊ, तेवढाच तपकिरी.

मी रजिस्टर मागून घेतलं. मागच्या कोऱ्या पानावर पट्टीनं उभ्या-आडव्या रेघा मारून चौकटी काढल्या. असाच कागद आम्ही पेशंटच्या हातात देतो. मधोमध ठिपका असतो, त्याच्याकडे बघायचं आणि रेघा वाकड्या दिसतात का ते सांगायचं. मी ठिपका काढला नाही.

"एक डोळा झाका," मी म्हटलं. "रेघा कशा दिसतात?"

"आता रात्री दवाखाना उघडलास का?"

"झाका म्हणते ना."

"सरळ आहेत रेघा."

"मधला ठिपका दिसतो?"

"दिसतो की. काळा. चांगला ठसठशीत आहे."

"मी काढलाच नाहीये, बाबा."

बाबांनी डोळ्यावरचा हात काढला नाही. दिवा मी बंद केला नव्हता, त्यामुळे ते दोन पतंग अजून तिथेच होते. बाबा म्हणाले, "हा अन्याय आहे. निरीक्षकानं तपासणीला येताना खोटं वजन आणायचं नसतं."

"आणि तुम्ही काय आणलंत? दर सहा महिन्यांनी माझ्या समोर बसून तुम्ही खालून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचता. खडाखडा!"

"पाठ आहे."

"काय?"

"तुझा तक्ता. नोकरीला लागलीस तेव्हापासून तोच आहे. बदलत नाहीस तू."

तक्ता बदलायचं बटण माझ्या हाताशी असतं. अनोळखी पेशंटसाठी मी ते हटकून दाबते. वडिलांसाठी कोण दाबतं? डॉक्टरांकडे पाठवायचं म्हटलं, तर डोळ्यात थेंब घातले की दुपारभर धूसर दिसतं म्हणून ते निसटायचे, आणि मीही म्हणायचे, जाऊ दे, नंबर तर तोच आहे. मला त्यांचा राग आला आणि स्वतःची त्याहून जास्त लाज वाटली. मग मी आवाज चढवला, कारण मला दुसरं काही येत नाही.

"किती दिवस?"

"सव्वीस महिने," बाबा म्हणाले. मोजून ठेवले होते. "आधी अक्षरं गेली. मग माणसांची तोंडं. पतंग सगळ्यात शेवटी. चालता येतं, चहा करता येतो, रस्ता ओलांडता येतो. फक्त जिकडे बघावं तिथे मध्ये राख सांडल्यासारखं दिसतं."

"आणि रजिस्टर?"

"त्यात खोटं नाही."

"बाबा!"

"ऐकून तर घे. कुठल्या आठवड्यात कोण येतं हे मला झोपेत विचारलंस तरी सांगेन. मागच्या तीन वर्षांची सरासरी काढायची, हवा बघून एखाद-दुसरा कमीजास्त करायचा. आपल्याला दिसत नाही म्हणून ते यायचे थांबलेत की काय? ते आपले येतच असणार. मी फक्त मांडून ठेवत होतो." मग ते म्हणाले, "जावईबापू मात्र कळायचे, धडकायचे तेव्हा. गेल्या वर्षापासून तेही ऐकू येईनात. म्हटलं, झालं, कानही गेले."

त्यांचे कान ठणठणीत होते. मी स्वयंपाकघरात तोंडातल्या तोंडात बोललेलं त्यांना बाहेर ऐकू जायचं.

"तू होतीस ना आज," बाबांनी विचारलं. "तू मोजलेस? माझ्या चौदाशी जुळतात का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांना काहीच माहीत नव्हतं. पत्रातले एकोणचाळीस व्हरांडे त्यांच्या लेखी आळशी माणसांचे होते. आपल्या व्हरांड्यात सगळी मंडळी अजून ठरल्या वेळी येऊन बसतात, फक्त आपल्यालाच दिसत नाहीत आणि ऐकू येत नाहीत, असं धरून ते दोन वर्षं रोज तिथे बसले होते.

"दोन," मी म्हटलं.

"दोन प्रकारचे?"

"नाही. दोनच. एकाच प्रकारचे."

"हेडक्लार्क?"

"नव्हता."

"काकू?"

"कुणी नव्हतं, बाबा. कुणीच नव्हतं."

ते उठले, चाचपडत दिवा बंद केला आणि आत गेले. मी चादर काढली. चिमटे सारखे खाली पडत होते.

शुक्रवारी मी सुट्टी टाकली. सकाळी म्हटलं, बाईंना कळवू, वडिलांना ताप आलाय, पुढे कधीतरी या. मग हळूहळू नोंदी पाठवणं बंद करू, कुणाला काही कळायचं नाही. बाबा चहा पीत होते. त्यांनी कप विसळून पालथा घातला. दुपारी मी म्हटलं, निदान एवढं तरी करा, सहा महिन्यांपासून दिसत नाही म्हणून सांगा. त्यावर ते उठून वह्या पुसायला लागले. संध्याकाळी मला काही राहवेना.

"बाबा, सव्वीस महिन्यांचं सोडा. त्याच्या आधीची एकोणीस वर्षं खरी आहेत की नाहीत? तुम्ही हे सांगितलंत तर तीही जातील. सगळी. कळतंय का तुम्हाला?"

"मला नाही कळणार तर कुणाला कळणार?" बाबा म्हणाले. "जा, झोप."

शनिवारी संध्याकाळी सात वाजता संशोधक बाई आल्या. माझ्याच वयाच्या, पाठीवर सॅक, पायात बूट, हातात डोक्याला लावायचा दिवा. चहा घेतला, साखर नको म्हणाल्या, आणि रजिस्टरं बघून त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. एकवीस जाडजूड वह्या टेबलावर मांडल्या होत्या. पहिल्या काही वह्यांना आईनं कव्हरं घातलेली होती.

"इतकं सातत्य मी कुठेच बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "आज मला फक्त बघायचंय, तुम्ही कसं करता ते."

"बघण्यासारखं काही नाही," बाबा म्हणाले. "बसा. आधी माझं ऐका."

आणि त्यांनी सांगितलं. एकही पायरी गाळली नाही. पुठ्ठ्याची पट्टी, सरासरी, माझा तक्ता, सगळं. शेवटचा पतंग आपण नीट कधी बघितला ती तारीख सांगितली आणि मला ते पान काढून द्यायला लावलं. आवाज तोच, जो मी लहानपणी त्यांच्याबरोबर बाजारात गेले की दुकानदारांपुढे ऐकायचे. या वेळी समोर दुकानदार नव्हता, एवढंच.

बाई बराच वेळ पानं उलटत राहिल्या. रागावल्या नाहीत. थकल्यासारख्या दिसल्या. त्यांच्या अख्ख्या शोधनिबंधात हा व्हरांडा वेगळा निघाला होता, आणि त्याचं कारण कळलं होतं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "सव्वीस महिने काढून टाकू. त्याआधीचं आपण ठेवू."

माझा जीव भांड्यात पडला. एवढ्यात बाबा म्हणाले, "कशावरून?"

"म्हणजे?"

"त्याआधीचं खरं कशावरून? मी म्हणतो म्हणून? मी तर दोन वर्षं तुम्हाला खोटं पाठवत होतो."

"बाबा, गप्प बसा ना जरा!" मी ओरडलेच.

"आमच्याकडे असं होतं," बाबा बाईंना म्हणाले. माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडेही, त्यांनी बघितलं नाही. "दुकानात दहा वजनं असतात. त्यातलं एक खोटं निघालं, तर आम्ही एकच उचलायचो नाही. अख्खा संच जप्त. बाकीची नऊ खरी असतील, असतीलही. पण ज्यानं एक घासून हलकं केलं त्याच्या हातात ती होती. मी त्या नियमानं कितीतरी दुकानं बंद केलीत. माझ्या बायकोच्या भावाचं केलं. त्याची बाकीची नऊ खरी होती, हे मला माहीत होतं."

"मग मी काय करू?" बाईंनी विचारलं. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"ते तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं, एवढं सांगितलं."

बाई साडेनऊपर्यंत व्हरांड्यात बसल्या. चादरीवर तीन पतंग आले, त्यांची त्यांनी नोंद घेतली आणि फोटो काढले. जाताना बाबांच्या पाया पडावं की काय अशा बेतानं वाकल्या आणि मग नुसत्याच त्यांचा हात हातात घेऊन उभ्या राहिल्या. वह्या टेबलावरच राहिल्या.

बुधवारी पत्र आलं. मी बसमध्ये वाचलं आणि संध्याकाळी बाबांकडे गेले, कारण हे फोनवर सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. चार ओळी होत्या. त्यांनी वरिष्ठांशी बोलून बघितलं होतं. नोंदींची खातरजमा करता येत नसल्यामुळे हा व्हरांडा अभ्यासातून वगळण्यात येत होता. आता एकोणचाळीस घरं. वैयक्तिक आदर कायम आहे, असं शेवटी लिहिलं होतं.

"सगळी वर्षं?" बाबांनी विचारलं.

"सगळी."

"बरोबर केलं."

"काय डोंबलाचं बरोबर! एकोणीस वर्षं, बाबा. आई आजारी होती तेव्हासुद्धा तुम्ही दोन तास काढलेत. मला तुमचा तेव्हा किती राग आला होता, माहितीये? ती सगळी खरी होती, आणि तुम्ही स्वतःच्या तोंडानं..." मी रडत होते, आणि बाबांना माझं तोंड दिसत नव्हतं. आवाजावरून कळलं असणार. त्यांनी खिशातला रुमाल काढून माझ्या दिशेनं धरला, जरा डावीकडे.

"खरी होती," ते म्हणाले. "मला माहितीये. पुरे."

त्या संध्याकाळी साडेसातला दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. डॉक्टरांकडे नेलं तर निमूट आले, थेंब घालून घेतले, कुरकुर केली नाही. गेलेलं परत येणार नाही, कडेचं राहील, असं डॉक्टर म्हणाले. बाबा म्हणाले, बरं. घरी येऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपले. चार संध्याकाळी अशाच गेल्या. मी रोज दवाखाना सुटल्यावर जात होते, जेवण वाढत होते. ते दोन घास खाऊन म्हणायचे, तू जा, तुला उशीर होतो. चिडचिड नाही, टोमणा नाही, डॉक्टरीणबाई नाही. मला भीती वाटायला लागली.

पाचव्या दिवशी मी येताना नवी वही घेऊन आले. चादर टांगली, दिवा लावला, आत जाऊन त्यांच्या अंगावरचं पांघरूण ओढलं.

"उठा. साडेसात झाले."

"कशाला?"

"मी बघते, तुम्ही नावं सांगा. मी लिहिते. कुणाला पाठवायचं नाही. उठा म्हणते ना, का हात धरून नेऊ?"

ते उठले. कुरकुरत आले, पण आले. खुर्चीत बसले, हवा हुंगली आणि म्हणाले, "दमट. वारा नाही. लिही." मी रकान्यात लिहिलं. मग आम्ही बसलो.

आठ वाजले. साडेआठ झाले. मी एकटक बघत होते. चादरीची वीणसुद्धा पाठ झाली. चिलटं आली, गेली. पतंग नाही. एकही नाही, ते गव्हाएवढे भाऊसुद्धा नाहीत. बाबा मध्येमध्ये विचारायचे, "काही?" मी म्हणायचे, "अजून नाही." नऊला ते विचारायचे थांबले. सव्वानऊला त्यांचे खांदे खाली आले आणि ते त्या पलंगावरच्यासारखे दिसायला लागले. मला ते बघवेना. मला माझ्या लहानपणीची, त्यांची लाडकी एक आठवली. फिकट हिरवी, पंखांना पांढरी किनार. शालवाली.

"बाबा," मी म्हटलं. "आली. शालवाली आली."

ते सरळ बसले. हात खुर्चीच्या हातावर घट्ट. "कुठे?"

"मध्ये. जरा वर."

"हिरवी?"

"हिरवी. पांढऱ्या किनारीची."

"मोठी आहे?"

"अंगठ्याच्या नखाएवढी. काय सुंदर आहे, बाबा."

"बसलीय कशी?"

"शांत बसलीय. पंख मिटून, पाठीवर छपरासारखे."

बाबा हसले. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. माझ्या कानाकडे बघून हसले, आणि मग ते हसू हळूच गेलं.

"शालवाली पंख मिटत नाही गं," ते म्हणाले. "कधीच नाही. सपाट पसरून बसते, कापडाला चिकटवल्यासारखी. लहानपणी तुला दाखवली होती. तू बघत नव्हतीस."

मी वही मांडीवर पालथी घातली.

"आजचा आपला पहिला दिवस," बाबा म्हणाले. "आणि पहिल्याच दिवशी?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

"मलाही बरंच वाटत होतं. सव्वीस महिने." त्यांनी हात पुढे केला, चाचपडत माझं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं. "आता बघ नीट. वर, खाली, चिमट्यांपाशी, मागच्या बाजूला. घाई करू नकोस. मग सांग, किती?"

मी उठले. वर बघितलं, खाली बघितलं, एकेक चिमटा उचलून बघितला, मागच्या बाजूला जाऊन दिव्यासमोर उभी राहिले. साडेनऊ झाले होते.

"शून्य," मी म्हटलं.

"लिही," बाबा म्हणाले. मी लिहिलं. त्यांनी वही मागून घेतली, बोट कुठे ठेवायचं ते मला दाखवायला लावलं आणि त्या शून्यापुढे जाड पेनानं सही केली.